ग्रेनाडा, मेथी आणि माझी पाच जादा नावं

ही २०२३ सालची गोष्ट. महिना मार्च होता हे मी खात्रीनं सांगते, कारण अमेरिकेतल्या श्रूजबरीत आमच्या घरामागच्या डेकवर गुडघाभर बर्फ होता आणि माझी सून राधिका मात्र "आई, स्प्रिंग आला" म्हणत होती. या देशात वसंत ऋतू आधी कॅलेंडरवर येतो, मग दुकानात येतो, आणि अंगणात आलाच तर मे महिन्यात.

माझी नात अनया तेव्हा नऊ वर्षांची, चौथीत. एके दिवशी ती शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आजी, मला ग्रेनाडा मिळाला. It's super tiny." वर्गात टोपीतून चिठ्ठ्या काढून मुलांना देश वाटले होते. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी शाळेच्या जिममध्ये देशांची जत्रा भरायची होती. प्रत्येकानं आपल्या टेबलापाशी उभं राहून आपल्या देशाची माहिती सांगायची. लग्नाच्या आहेरात एकटा चमचा आल्यासारखं तिचं तोंड झालं होतं.

मी एकतीस वर्षं वेंगुर्ल्याच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. जगातले सगळे समुद्रप्रवाह मला पाठ; प्रत्यक्षात मी पाहिलं ते वेंगुर्ला, कोल्हापूर आणि हे गेल्यावर मुलाकडे आले ते श्रूजबरी. इथं आल्यापासून भूगोलाचा उपयोग एवढाच, की हायवे नाइनवर प्रसन्न रस्ता चुकला की मी "पूर्वेला वळ" म्हणायची आणि तो "आई, फोन सांगतोय ना" म्हणायचा. फोनपुढे माझी एकतीस वर्षं! तेव्हा हा ग्रेनाडा घरात आला आणि मला हुरूप आला यात नवल नाही.

"लहान देश म्हणून काय झालं?" मी म्हटलं. "नकाशावर टिंब असलं तरी तिथं रोज सकाळी कुणीतरी चहा ठेवतंच. लिही. स्थान व विस्तार, प्राकृतिक रचना, हवामान, पिकं, लोकसंख्या, लोकजीवन."

"आजी, मी फक्त एक पोस्टर करणारे."

"पोस्टर सिनेमाचं करतात. देशाचा नकाशा करतात. उठावाचा."

इथंच खरं तर मी थांबायला हवं होतं.

आमच्या कोकणात जुन्या टोपल्या लिंपायला कागदाचा लगदा करत. कागद भिजवायचे, कुटायचे, त्यात मेथीची पूड घालायची. मग किडा-मुंगी शिवत नाही. माझी आई अशा टोपल्यांत तांदूळ ठेवायची. तोच लगदा लाकडी फळीवर थापून मी ग्रेनाडा करायचं ठरवलं. रिसायकलिंगच्या निळ्या डब्यात कागदाला तोटा नव्हता. स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक गठ्ठा होता तोही मी टाकीत बुडवला.

दुसऱ्या दिवशी राधिकानं विचारलं, "आई, इथं अनयाच्या शाळेचं पत्रक होतं. काय करायचं, काय नाही, सगळं होतं त्यात. पाहिलंत?"

मी पाहिलं होतं. ते त्या वेळी ग्रेनाडातल्या सर्वांत उंच डोंगराच्या, म्हणजे माउंट सेंट कॅथरीनच्या, उत्तर उतारावर होतं.

"असू दे," मी म्हटलं, "अनयाला आठवत असेल." अनयाला एवढंच आठवत होतं, की टेबलामागे घरचं एक मोठं माणूस हवं आणि त्या माणसानं शाळेचा बॅकग्राउंड चेकचा, म्हणजे पूर्वचारित्र्याच्या चौकशीचा, अर्ज भरायचा. प्रसन्नला त्या शुक्रवारी ऑफिसच्या कामानं हर्नडनला जायचं होतं, राधिकाला सुट्टी नव्हती. उरलं मोठं माणूस मीच.

आता अनयाबद्दल एक सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पोरगी हुशार, पण चार माणसांत तिचा आवाज निघत नाही. आदल्या वर्षी वर्गात बोलायला उभी राहिली, ओठ हलले, आवाज आलाच नाही. कुणी हसलं नाही म्हणे, पण मुलाला ते हसण्यापेक्षाही लागतं. तिला या जत्रेची भीती वाटत होती, ग्रेनाडाची नव्हे. म्हणून रोज दुपारी आम्ही तळघरात तालीम करायला लागलो. ती वॉशिंग मशीनपाशी उभी, मी पलीकडच्या भिंतीला टेकून.

"शाळेत मी मुलींना हेच सांगायची. पहिल्या बाकाशी बोलू नका. मागच्या भिंतीशी बोला. भिंतीला ऐकू गेलं की मधल्या सगळ्यांना आपोआप जातं. चल. क्षेत्रफळ?"

"तीनशे चव्वेचाळीस स्क्वेअर किलोमीटर्स."

"भिंतीला ऐकू आलं नाही."

"तीनशे चव्वेचाळीस!"

आमचा सिंधुदुर्ग जिल्हा याच्या पंधरापट आहे हे मी तिला सांगितलं. तिनं ते लिहून घेतलं नाही. लोकसंख्या लाखाच्या थोडी वर. बहुतेक लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. १८५७ साली आपल्याकडे बंड झालं त्याच वर्षी हिंदुस्थानातूनही मजूर तिथं गेले. मुख्य बेट ग्रेनाडा, त्याच्या ईशान्येला कॅरिकू आणि पेटिट मार्टिनिक ही दोन धाकटी. पीक जायफळ. ते त्यांच्या झेंड्यावरही आहे. झेंड्यावर सिंह, गरुड काढणारे देश पुष्कळ पाहिले. श्रीखंडात पडणारी वस्तू काढणारा हा एकच. त्यांच्या राष्ट्रीय पदार्थात नीरफणस, अळूची पानं, हळद आणि नारळाचं दूध असतं हे वाचलं तेव्हा तर मी चष्मा पुसला. चौदा हजार किलोमीटरवर कुणीतरी माझ्या माहेरचा स्वयंपाक करत होतं. त्यात ते खारवलेलं मांस घालतात, पण प्रत्येक घरची पद्धत वेगळी असते.

नकाशा मात्र वाळेना. मेथीनं किडे आले नाहीत, पण वासानं माणसंही येईनाशी झाली. राधिकाच्या ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये ती नाकाला रुमाल लावून बसली, तर तिकडून विचारलं, सगळं ठीक आहे ना.

अशा वेळी सल्ला देणारे येतातच. आमच्या शेजारचे डॉक्टर हेमचंद्र एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली या देशात आले. हृदयाचे डॉक्टर म्हणून निवृत्त. एकदा क्रूझवर असताना ते ग्रेनाडाला सहा तास उतरले होते, त्यामुळे त्यांचा अधिकार माझ्यापेक्षा मोठा.

"सुचित्राताई, याच्या उत्तरेला समुद्राखाली जिवंत ज्वालामुखी आहे. तो हवाच. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर. मुलं वेडी होतील."

"पण तो पाण्याखाली आहे ना?"

"मग काय झालं? ॲटॅक पण छातीच्या आतच येतो. त्याचा ग्राफ बाहेर काढतोच की आपण."

त्यांनी प्रात्यक्षिक दाखवलं. ज्वालामुखी इतका जिवंत निघाला, की उत्तर किनाऱ्याची एक पट्टी फेसात वाहून गेली. मी ती पुन्हा लिंपली. नकाशा अधिक ओला झाला.

त्यावर त्यांच्या पत्नी पद्मिनीवहिनी म्हणाल्या, "ओव्हनमध्ये ठेवा हो. मी ब्रेड वाळवते तसा. अगदी मंद." मंद म्हणजे किती हे त्यांनी सांगितलं, मी ऐकलं, आणि ओव्हनच्या आकड्यांत नि माझ्या आकड्यांत काहीतरी घोळ झाला. इथलं तापमान फॅरनहाइटमध्ये असतं हे मी एकतीस वर्षं शिकवलेलं. शिकवणं वेगळं. वीस मिनिटांनी घरातले धुराचे सगळे भोंगे एकदम ओरडायला लागले, पलीकडच्या घरातून कुणीतरी फोन केला, आणि लाल दिव्यांचा आगीचा बंब दारात उभा राहिला. नेमकी त्याच वेळी शाळेची बस कोपऱ्यावर आली.

हेल्मेट घातलेला एक उंचपुरा माणूस ओव्हनमधून फळी बाहेर काढून म्हणाला, "मॅडम, हे काय आहे?"

"ग्रेनाडा," मी म्हटलं. "कडेनं थोडा करपलाय."

त्यानं अदबीनं फळी टेबलावर ठेवली. "वास बरा येतोय," असंही म्हणाला. चांगल्या घरचा असणार.

बसच्या खिडक्यांना सगळ्या मुलांची नाकं चिकटली होती. अनया घरात आली ती थेट वर गेली. संध्याकाळी खाली आली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजी, फ्रायडेला तू नको येऊस. Please. I'll do it alone."

"अनया!" राधिका ओरडली.

"असू दे," मी म्हटलं. "बरोबर आहे तिचं."

वेंगुर्ल्यात मी वर्गात शिरले की टाचणी पडली तरी ऐकू येई. आता एका नऊ वर्षांच्या मुलीला माझी लाज वाटत होती, आणि तिचं चुकतही नव्हतं. त्या दिवशी मी जेवताना मीठ मागितलं नाही. भाजी अळणी होती.

पण अर्ज त्याआधीच गेला होता, आणि तो अर्ज ही एक वेगळीच कहाणी. त्यात एक रकाना होता: याव्यतिरिक्त आपण कोणकोणत्या नावांनी ओळखले जाता, ती सर्व लिहा. ‘सर्व’ या शब्दाखाली रेघ होती. मी शिक्षिका, रेघ मारलेल्या शब्दाचा मी मान राखते. माझं अर्जावरचं नाव सुचित्रा प्रभुतेंडोलकर. हे सासरचं. माहेरची मी मालिनी केळुसकर. पण सासरी मोठ्या जाऊबाईही मालिनीच, आणि एका घरात दोन मालिनी असल्या की हाक मारल्यावर दोघीही येत नाहीत. म्हणून लग्नात तांदळात अंगठीनं सुचित्रा लिहिलं. पत्रिकेत मी दमयंती. माहेरच्या घरी बेबी. शाळेत तेंडोलकर बाई. आणि हे मला चाळीस वर्षं ‘अगो’ म्हणून हाक मारत, दुसरं काहीच म्हणत नसत, म्हणून तेही लिहिलं. एकूण पाच जादा नावं. रकाना पुरला नाही. मागच्या पानावर लिहिलं.

मंगळवारी शाळेच्या ऑफिसातून बोलावणं आलं. पासपोर्ट घेऊन या.

"आई, पाच एलियस तर गँगस्टरला पण नसतात," प्रसन्न म्हणाला. जत्रेला तर मी जाणार नव्हतेच, पण संशयित म्हणून घरी बसणं मला मान्य नव्हतं. पासपोर्ट पर्समध्ये टाकला, पद्मिनीवहिनींच्या गाडीतून गेले.

ऑफिसात मिसेस कॉम्प्टन म्हणून एक बाई होत्या. साठीच्या, सावळ्या, गळ्यात चष्म्याची साखळी. त्यांचं इंग्रजी मी इथं मराठीत लिहिते, कारण ते मला तसंच ऐकू आलं. बोलण्यात हेल होता, आणि हेल कळला की भाषा अर्धी कळते.

त्यांनी एकेका नावावर बोट ठेवलं. मी एकेकाचा इतिहास सांगितला. ‘बेबी’ला त्या हसल्या.

"आमच्याकडेही घरचं नाव वेगळं असतं," त्या म्हणाल्या. "माझा मामा गेला तेव्हा मृत्यूच्या बातमीत त्याचं खरं नाव सांगितलं. कुणीच आलं नाही. मग घरचं नाव सांगितलं, तेव्हा गाव लोटला."

"आमच्याकडेही तसंच होईल," मी म्हटलं.

मग त्यांचं बोट शेवटच्या नावावर आलं. "आणि अगो? या नावानं तुम्हाला कोण ओळखतं?"

"आता कुणी नाही," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि अर्जावर शिक्का मारला.

"तुम्ही कुठल्या?" मी विचारलं.

"लहानशी जागा आहे. तुम्हाला माहीत नसणार."

एकतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईला असं म्हणणं म्हणजे गवयाला "तुम्हाला सूर कळणार नाही" म्हणण्यासारखं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, आणि पद्मिनीवहिनींनी गाडी चुकीच्या जागी लावल्यामुळे बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. प्रश्न राहिला.

गुरुवारी ऊन पडलं. अनयानं स्वतः नकाशा रंगवला होता: हिरवे डोंगर, निळा समुद्र, तिन्ही बेटांवर खरं एकेक जायफळ चिकटवलेलं. शेवटचं वाळवण म्हणून मी तो डेकवर ठेवला. दहा मिनिटांत येऊन पाहते तो कठड्यावर एक जाडजूड खार, आणि तिच्या पुढच्या दोन पायांत कॅरिकू. अख्खं बेट, जायफळासकट. मी चप्पल फेकली. चप्पल शेजारच्या अंगणात गेली, कॅरिकू ओकच्या झाडावर. किडा-मुंगी लागू नये म्हणून मेथी घालतात. खारींबद्दल आमच्या आईनं काही सांगितलं नव्हतं.

अनयानं पाहिलं. रडली नाही. निळ्या रंगातल्या त्या भोकाकडे बघत "ओके," एवढंच म्हणाली. ते ‘ओके’ फार मोठ्या माणसाचं होतं.

शुक्रवारी सकाळी राधिकानं तिला आणि ग्रेनाडाला शाळेत सोडलं. मी घरी बसले. टीव्ही लावला, बंद केला. पोळ्या केल्या, कुणी खाणारं नसताना नऊ. दहाच्या सुमारास फोन वाजला.

"मी शाळेतून कॉम्प्टन बोलतेय. माझ्या टेबलापाशी एक मुलगी उभी आहे. घ्या, बोला."

मग अनया म्हणाली, "आजी, there's nobody at the back wall."

मी विचारलं नाही, त्या दिवशी तू काय म्हणाली होतीस. माणसानं काही प्रश्न विचारू नयेत. घरातल्याच सपाता घालून मी शेजारच्या दारावर थाप मारली. डॉक्टर दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून त्यांनी गाडी काढली, म्हणाले, "इमर्जन्सीला मी असाच जायचो." स्टॉपच्या पाटीपाशी ते थांबले नाहीत. देवाच्या आणि पोलिसांच्या लक्षात आलं नाही.

जिममध्ये तीसेक टेबलं. इटली, केनिया, व्हिएतनाम. अनया आपल्या करपलेल्या ग्रेनाडामागे काठीसारखी उभी. टेबलामागे मोठं माणूस हवं, असा नियम. मी तिकडे वळले नाही. सरळ पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकले, हाताची घडी घातली. तिनं मला पाहिलं. मान किंचित हलवली.

मग ती बोलली. "ग्रेनाडा हा देश कॅरिबियन समुद्रात आहे. त्याचं क्षेत्रफळ तीनशे चव्वेचाळीस चौरस किलोमीटर!" इंग्रजीतच बोलली, पण सूर वेंगुर्ल्याचा होता. इटलीवाले वळून बघायला लागले. डोंगर झाले, पिकं झाली, लोकसंख्या झाली. भिंतीला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

टेबलासमोर मिसेस कॉम्प्टन येऊन उभ्या राहिल्या. त्या नकाशाकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि माझं बेट कुठे आहे?"

तेव्हा कळलं. टोपीतल्या चिठ्ठ्या उगाच नव्हत्या. शाळेत काम करणाऱ्या माणसांचे देश होते ते. बसचे ड्रायव्हर, स्वयंपाकघरातल्या बाई, सफाईचे गृहस्थ, आणि ऑफिसातल्या मिसेस कॉम्प्टन, राहणार कॅरिकू. हे सगळं त्या पत्रकात छापलेलं होतं. ते पत्रक मी डोंगरात घातलं होतं.

माझ्या तोंडाशी सतरा खुलासे आले. मी ते गिळले. भिंत बोलत नसते.

"खारीनं खाल्लं," अनया खणखणीत म्हणाली. "पण ते इथं आहे." आणि तिनं भोकावर अचूक बोट ठेवलं. "ईशान्येला. तिथले लोक लाकडी बोटी बांधतात. आणि ते जेवणाचं एक ताट घरातल्या गेलेल्या माणसांसाठी ठेवतात. माझी आजी पण माझ्या आजोबांसाठी ठेवते. वर्षातून एकदा. डेकवर. ते पण खार खाते."

सगळे हसले. मिसेस कॉम्प्टन हसल्या नाहीत. पर्समधून पेन काढून त्यांनी त्या भोकाच्या कडेला एक ठिपका काढला आणि म्हणाल्या, "माझी आई इथं राहते." मग त्या सबंध जिम ओलांडून भिंतीपाशी आल्या, माझ्या शेजारी टेकून उभ्या राहिल्या.

मला कित्येक दिवस एक गोष्ट कुणाला तरी विचारायची होती. घरात विचारली असती तर मुलगा काळजीत पडला असता. मी त्यांना विचारली. "एवढा समुद्र ओलांडून इकडे आल्यावर, आपली माणसं ताटावर येतात का हो? त्यांना पत्ता सापडतो?"

"येतात," त्या म्हणाल्या. "माझे वडील तर येतात आणि वर रम मागतात. तुम्ही त्यांना घरच्या नावानं हाक मारा, टँटी. पासपोर्टवरच्या नावानं नका मारू."

आमच्याकडे मावशी, तसं त्यांच्याकडे टँटी.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. डॉक्टर हेमचंद्र अजून सल्ला देतात. स्टॉपच्या पाटीपाशी थांबतात, कारण आता शेजारी पद्मिनीवहिनी बसतात. प्रसन्न कधीमधी फोन बाजूला ठेवून विचारतो, "आई, पूर्व कुठे?" मी सांगते. राधिकानं आमच्या ओव्हनच्या आकड्यांशेजारी सेल्सिअसच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. खार आहेच.

२०२४च्या जुलैत कॅरिकूवर मोठं वादळ आलं. बहुतेक घरांची छपरं गेली. मिसेस कॉम्प्टनच्या आईचंही गेलं, म्हातारी मात्र वाचली. त्यांच्याकडे घरी सामान पाठवायला प्लास्टिकचं मोठं निळं पिंप भरतात. आम्ही सगळ्यांनी ते आमच्या गराजमध्ये भरलं: ताडपत्र्या, दोऱ्या, विजेऱ्या, डबाबंद अन्न, पद्मिनीवहिनींचे स्टीलचे सहा डबे. सगळ्यात वर अनयानं जुन्या टॉवेलात गुंडाळून एक वस्तू ठेवली. तिनं लगदा करून, मेथी घालून, कुणाचा सल्ला न घेता, उन्हात वाळवलेलं कॅरिकू. महिन्याभरानं आईचा निरोप आला: सगळं पोचलं, बेट ताटाच्या फळीवर ठेवलंय, पण याला करीचा वास का येतो?

अनया आता मिडल स्कूलमध्ये आहे, वादविवादाच्या संघात. तिथल्या लायब्ररीत मी आठवड्यातून एकदा पुस्तकं लावायला जायचं ठरवलं, म्हणजे पुन्हा तोच अर्ज. माझी नजर अधू झाली म्हणून तिनं भरला. मी एकेक नाव सांगत गेले. दमयंती. मालिनी. बेबी. तेंडोलकर बाई. टँटी, हे नवीन.

"आणि अगो," मी म्हटलं.

"हे कोण म्हणतं तुला?"

"आजोबा म्हणायचे."

तिनं ते ठळक अक्षरांत लिहिलं, पेन बंद केलं आणि अर्ज दप्तरात ठेवायला वर गेली. मी पोळ्यांना लागले. थोड्या वेळानं जिन्याच्या वरच्या टोकावरून हाक आली, "अगो! चहा ठेवतेस?"

मी पलीकडच्या भिंतीशी, ओट्यापाशी होते. मला अगदी स्वच्छ ऐकू आलं.